ल्युसिंडाबाईंचा वाटा

ल्युसिंडाबाईंचं नाव आधी घेते, मग काय झालं ते सांगते.

पोर्तुगालमधल्या एका किनाऱ्यावरच्या गावात मी स्वयंपाकाचं शिक्षण घ्यायला गेले होते. तिथल्या कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये ल्युसिंडाबाई सूप वाढायच्या. एका शनिवारी त्या पुढे आल्या नसत्या तर मला चोर ठरवून पहिल्या दोन महिन्यांतच परत पाठवलं असतं. आज मी तिकडच्याच एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात उभी असते ती त्यांच्यामुळे.

हे लिहितेय तोंडवलीत, आईच्या पडवीत बसून. चार वर्षांनी सुट्टीवर आलेय. मंगळवारी परत जायचंय. काल त्यांच्या भाचीचा, इनेसचा, निरोप आला: मावशी जेवत नाही. आठ दिवस झाले. चमचा जवळ नेला की तोंड फिरवते. डॉक्टर म्हणतात, वय झालं.

निरोप वाचला तेव्हा समोर बांगड्याचं ताट होतं. मी ते झाकून ठेवलं.

आज उजाडताना उठले आणि सुरूच्या बनातून किनाऱ्यावर गेले. पायाखाली सुरूच्या सुया, मग मर्यादवेलीची गार पानं, मग वाळू. पूर्वी इथं वाळूवर नुसत्या होड्या असायच्या. आता पर्यटकांच्या खुर्च्या आणि पाण्यात खेळायच्या रबरी बोटी आहेत, आणि त्यांच्यामधून वाट काढत रापण लागलेली. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. होडी समुद्रात अर्धा फेरा घालून जाळं सोडत जाते, त्याची दोन टोकं वाळूवर राहतात आणि दोन्ही टोकांना माणसं लागतात. दोरीला तोच वास होता. ओल्या मिठाचा, शेवाळाचा, आणि माणसांच्या तळहातांचा.

"इलंस गो?" दादू तांडेलानं ओळखलं. तांडेल म्हणजे रापणीचा मुख्य. "नुसता बघतंस काय? लाव हात."

मी हात लावला. चार ओढी ओढल्या आणि तळवे सोलवटले.

"हात मऊ झाले गो तुझे," तो हसला. "थयसर काय लोणी थापतंस?"

सगळे हसले, मीही हसले. पण दोरी हातात होती आणि डोळ्यांसमोर दुसराच किनारा होता.

लहानपणी रापण म्हणजे आमची शाळेआधीची शाळा. थंडीच्या सकाळी तांडेलाची हाक आली की घराघरांतून माणसं निघायची. बायका पदर खोचून, पोरं नाक ओढत. ओढताना कुणीतरी काहीतरी म्हणायचं आणि बाकीचे त्यावर हुंकार भरायचे. जाळं जवळ यायला लागलं की पाण्याचा रंग बदलायचा, घारी खाली उतरायच्या, कुत्री लाटेत उभी राहायची. मग एकदम तो आवाज. ओल्या वाळूवर हजारो पेडव्यांच्या शेपट्या आपटण्याचा. पत्र्यावर पाऊस पडावा तसा, पण त्याहून मऊ. तो आवाज मला अजून कुणाला सांगता येत नाही. पेडवे म्हणजे आमच्याकडची बोटभर तारली.

रापणकरांचे वाटे ठरलेले असतात. पण दोरीला हात लावणारा प्रत्येक जण रापणकर नसतो. कुणी नुसता वाटेनं जाणारा असतो, कुणी पाहुणा, कुणी गरजू. त्यालाही ओंजळभर मासळी ठरलेली. मात्र आमच्या वाडीत ती त्याच्या हातात द्यायची नाही. दिली तर भीक झाली. म्हणून ढीग वाळूवर पडला की तांडेल एकदा ढिगाकडे पाठ करतो. समुद्राकडे बघतो, कान खाजवतो, बिडी शोधतो. तेवढ्यात ज्यानं ज्यानं दोरी ओढली त्यानं पुढे होऊन आपली ओंजळ भरून घ्यायची. कुणी बघायचं नाही, कुणी बोलायचं नाही. तांडेल वळला की संपलं. कुणी लाजून तसाच उभा राहिला तर दादू तांडेल खवळायचा. "काय रे, माझी मासळी कुसलेली आसा काय?"

न घेणं हा अपमान, आणि तांडेल बघत असताना घेणं हा त्याहून मोठा अपमान. एवढं मला चालायला लागल्यापासून कळत होतं.

शाळा नववीत सुटली. ती कशी सुटली ते सांगत बसत नाही. आईच्या शेजारी आचऱ्याच्या बाजारात टोपली घेऊन बसले. पुढे बाहेरून फॉर्म भरून दहावी केली, मग बारावी, मग कणकवलीला स्वयंपाकाचा कोर्स. इथल्या होम-स्टेत रांधत होते तेव्हा एका पाहुणीनं पोर्तुगालच्या कॉलेजची माहिती दिली. नांदगाव स्टेशनवर आई गाडी सुटेपर्यंत एकच सांगत होती, "उपाशी रवा नको. काय मिळात ता खा."

जे मिळेल ते खा. मी तेच करायचं ठरवून गेले.

कॉलेजचं जेवण दुपारी एकदाच. लांब मेजं, स्टीलच्या ताटल्या, आणि दारातूनच येणारा वास: ऑलिव्हचं तेल, लसूण, उकडलेली कोबी. सूप हिरवं आणि जाडसर. त्यात तिखटाचा टिपूस नाही. पहिल्या दिवशी मला ते आजाऱ्याचं वाटलं, आठव्या दिवशी मी वाडगं पावानं पुसून खात होते. पाव तेवढा ओळखीचा, नाव आणि चव दोन्ही. बाकी सगळ्याची मला भीती वाटायची. काटा कुठल्या हातात, सुरी कुठल्या, ताटात उरवायचं की नाही, दुसऱ्यांदा मागितलं तर काय म्हणतील. मी समोरच्या मुलीकडे बघून एकेक घास तिच्यामागून खायची. तिनं पाणी प्यायलं की मी पाणी प्यायची.

तिथल्या दुकानांत कॉड नावाचा खारवलेला मासा फळ्यांसारखा टांगलेला असतो. आत शिरलं की थेट आमच्या सुक्या बाजाराचा वास. त्या वासानं मला इतकं भरून आलं की मी एक तुकडा घेऊन खोलीवर आले आणि खारा बांगडा भाजतात तसा तो शेगडीवर भाजायला घेतला. तो दोन दिवस पाण्यात भिजवायचा असतो हे मला कोण सांगणार? धुराची घंटा वाजली, सगळं वसतिगृह पायजम्यांत खाली जमलं, आणि मी हातात तो काळा तुकडा धरून उभी. एवढं होऊन तो खाल्ला तर तोंडात नुसतं मीठ. तरी खाल्ला. फेकवेना.

वर्गात मास्तर प्रत्येक पदार्थ एक चमचा चाखायला लावायचे. बाकीची मुलं चाखून त्यावर बोलायची. माझ्याकडे शब्द नव्हते, भूक होती. शुक्रवारी दुपारी कॅन्टीनमध्ये जेवलं की पुढचं ताट सोमवारी. मधले दोन दिवस मी पिशवीतल्या पावाच्या तुकड्यांवर आणि थोड्या भातावर काढायची. आईनं दिलेली, माशाच्या कालवणात घालायची तिरफळं डबीत होती. कालवणाला मासा नव्हता, म्हणून मी ती नुसती हुंगायची.

रविवारी आईचा फोन.

"जेवलंस काय गो?"

"जेवलंय."

"काय जेवलंस?"

मग मी कॅन्टीनच्या फळ्यावरचा आठवड्याचा कागद हातात धरून एकेक पदार्थ वाचून दाखवायची. पलीकडे आई शेजारणीला सांगताना ऐकू यायची, "ऐकलंस? बदक जेवता हां माझा चेडू."

पाव पिशवीत टाकताना एकदा मला कुणीतरी बघितलं होतं. सूपाच्या पातेल्यामागे उभ्या असलेल्या, आखूड पांढऱ्या केसांच्या, काळा झगा घातलेल्या बाई. बघितलं आणि त्यांनी पळी पातेल्याच्या तळाशी नेली, जिथं बटाटे असतात. त्याच ल्युसिंडाबाई. तेव्हा मला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं.

ऑक्टोबरातला तो शनिवार. खोलीत पाव संपला होता. नुसतं बसवेना म्हणून सकाळीच किनाऱ्यावर गेले, आणि बघते तर रापण. खरोखर रापण. तसंच अर्धं वाटोळं जाळं, तशीच दोन टोकं, तशाच घिरट्या घालणारे पांढरे पक्षी. फरक एवढाच की दोरीचा बराच भाग ट्रॅक्टर ओढत होता, माणसं शेवटच्या ओढीला लागत होती. थंड वाऱ्यातून तो दोरीचा वास आला. मला वाटलं, इथं तरी मला सगळं येतं. इथं कुणाकडे बघून हात हलवायची गरज नाही.

मी जाऊन दोरीला हात लावला. शेजारचा माणूस हसला, सरकून जागा दिली. मी टाच रोवून, पाठ मागे टाकून, आमच्याकडे ओढतात तशी ओढत होते. एक म्हातारा काहीतरी म्हणाला, बाकीचे हो म्हणाले. कौतुकच असावं. कित्येक दिवसांनी मी कुणाच्या तरी बरोबर काहीतरी करत होते.

जाळं आलं. तारल्या चंदेरी, आमच्यापेक्षा मोठ्या, आणि तोच शेपट्यांचा आवाज. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, डोळ्यांनाही. मी ढिगापासून चार पावलं दूर, रीत म्हणून हात मागे बांधून उभी राहिले. खिशात प्लास्टिकची पिशवी होती, ती उलगडून तयार ठेवली. आणि वाट बघत राहिले, जाळ्याचा मालक पाठ कधी फिरवतो याची.

त्यानं फिरवली. ट्रॅक्टरकडे तोंड करून तो कुणाला तरी हाक मारायला लागला.

मी पुढे झाले, वाकले, ओंजळभर तारल्या पिशवीत घातल्या. पिशवी मोठी वाटली म्हणून आणखी एक ओंजळ.

ओरडा झाला. कुणीतरी माझं मनगट धरलं. मगाचचाच, हसून जागा देणारा. मालक वळला आणि त्यानं पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. बाजूला किनाऱ्यावरचा पोलीस मासळी तपासायला आलेलाच होता. तिथं जाळ्यावरच्यांचे वाटे सोडून बाकी मासळी आधी लिलावात जाते, त्याआधी परक्यानं शेपटीलाही हात लावायचा नसतो, हे मला पुढे कळलं. त्या घटकेला एवढंच कळत होतं की तो माझं ओळखपत्र मागतोय आणि वहीचं पान उघडतोय.

त्या पानावर नाव गेलं की कॉलेजात जाणार, कॉलेजातून मला राहायचा परवाना देणाऱ्या कचेरीत. मग नांदगाव स्टेशनवर मी उतरणार, आणि आई विचारणार.

मला त्यांच्या भाषेतले आठ-दहा शब्द येत होते. पाव, सूप, आभारी आहे. मी दोन्ही हातांनी दोरी ओढून दाखवली. मालकाकडे बोट केलं, स्वतः पाठ फिरवून दाखवली, मग ओंजळ. पुन्हा दोरी, पुन्हा पाठ, पुन्हा ओंजळ. आधी काही जण हसले. मग कुणी हसेना. पाठ फिरायची वाट बघून पिशवी काढणारी बाई, हे मी माझ्याच हातांनी त्यांना पुन्हा पुन्हा करून दाखवत होते.

तेवढ्यात निळी बालदी घेऊन ल्युसिंडाबाई आल्या. सूपाच्या पातेल्यामागचा चेहरा मी एकदम ओळखला आणि लाजेनं खाली बघितलं. त्या पोलिसाशी बोलल्या नाहीत. मालकाशी बोलल्या. काय बोलल्या ते मला काही महिन्यांनी इनेसनं सांगितलं.

"तिला मी पाठवलं. ते मासे माझे."

"तुझा वाटा अजून काढलाच नाही, ल्युसिंडा."

"मग आता काढ. त्या पिशवीत आहे तोच माझा वाटा."

"एवढ्यावर भागेल तुझं?"

"माझं काय भागतं ते मी बघीन. तू तुझं जाळं बघ, फाटलंय."

कुणीतरी फिसकन हसलं. मालक तोंड वाकडं करून म्हणाला, मग तसंच. पोलिसानं दोघांकडे बघितलं, ओळखपत्र माझ्या हातात ठेवलं आणि वही मिटली.

बाईंचा नवरा त्या जाळ्यावर होता. तो गेल्यावर शनिवारचा एक वाटा त्यांना मिळायचा, तो त्या मिठात घालून आठवडाभर पुरवायच्या. त्या शनिवारी निळी बालदी वाळूवरून तशीच रिकामी परत गेली. मी तिच्या मागून चालत होते आणि मला काहीच ठाऊक नव्हतं.

त्यांनी मला घरी नेलं. अंगणात पत्र्याची शेगडी, तिच्यात लाकडी कोळसे. तारल्यांना त्यांनी जाडं मीठ चोळलं आणि तशाच, डोक्यासकट, जाळीवर ठेवल्या. चरबी कोळशावर ठिबकायची आणि धूर उठायचा. तो धूर माझ्या केसांत, शालीत, सगळीकडे. त्यांनी पावाचा जाड काप ताटात ठेवला, त्यावर तारली. मी काटा-सुरी शोधायला लागले तर त्यांनी माझ्या हातावर हलकी चापट मारली आणि स्वतःच्या बोटांनी काटा सोडवून दाखवला.

"हातानं, फील्या." फील्या म्हणजे लेक.

त्या देशात मी पहिल्यांदा दुसऱ्यासमोर हातानं जेवले. बोटांना मासळीचा वास लागला आणि मला हुंदका आला. त्यांनी बघितलं न बघितलंसं केलं आणि आणखी एक तारली ठेवली. मग आणखी एक. शेवटी जाळी रिकामी झाली. त्यांच्या ताटात मी नंतर बघितलं. तारल्यांखालचा, तेल प्यालेला पावाचा काप तेवढा त्यांनी खाल्ला होता. मला वाटलं, बाईंना भूक नसेल. मी सगळं खाल्लं. दोन ओंजळींतलं एक शेपूटसुद्धा मागे ठेवलं नाही.

नंतर दर शनिवारी मी त्यांच्याकडे. कॉड भिजवायचा किती, पाणी बदलायचं कधी, हे त्यांनी शिकवलं. मी तिरफळ घालून तारलीचं तिखलं केलं तेव्हा त्यांनी पहिल्या घासाला खोकून खोकून मेज वाजवलं, मग पावानं पातेलं पुसलं. भाषा त्यांच्या स्वयंपाकघरातच आली. थंडीत एकदा इनेस आली होती. तिनं हसत हसत त्या शनिवारची सगळी गोष्ट सांगितली, आणि शेवटी सहज म्हणाली, "त्या आठवड्यात मावशीनं नुसतं सूप खाल्लं." बाईंनी तिला पायानं ढोसलं. मी पुढ्यातल्या ताटाकडे बघत राहिले. तेव्हापासून मला तारली सुखानं गिळता आलेली नाही.

परीक्षा पास झाले, मोठ्या शहरात कामाला लागले. तिकडे बाईंचे गुडघे गेले. इनेसनं त्यांना आपल्या गावी नेलं, समुद्रापासून दूर, डोंगरापलीकडे. सुट्टीच्या दिवशी मी जायची, पण दोनदा जायला जमलं नाही, मग तीनदा. येईन म्हणायची आणि त्या म्हणायच्या, काम कर, फील्या. या खेपेलाही त्यांच्याकडे जायचं की घरी यायचं, यात मी घरी आले.

सकाळी रापणीवरून रिकाम्या हातानं परतले. दादू तांडेलानं पाठ केली होती, पण माझ्यानं वाकवेना. आई चुलीशी होती.

"मासळी खंय?"

"घेतलंय नाय."

"कालपासून बघतंय. ताट झाकतंस, चाय थंड करतंस. थयली म्हातारी जेवणा नाय म्हणान तू कित्याक उपाशी? कोण गो ती तुझी?"

चार वर्षं जे सांगितलं नव्हतं ते तिथं उंबऱ्यावर बसून सांगितलं. फळ्यावरचा कागद वाचून दाखवायचे तेही सांगितलं. आई भाकरी थापायची थांबली. पीठ हातावर वाळायला लागलं.

"चोर म्हटल्यानी तुका?"

"म्हटल्यानी."

"आणि माका बदक सांगी होतंस."

मी उठून चुलीतलं लाकूड आत सारलं.

"आणि त्या बाईचो वाटो गेलो. विधवा बाईमाणसाचो वाटो, आणि तू ता सगळा खाल्लंस?"

"माका ठावक नव्हता, आये."

"आता ठावक आसा मां?" आई उठली. हात धुतले आणि आत गेली. मला वाटलं, रागावली. तर आतून कणगीचं झाकण काढल्याचा आवाज आला. उकड्या तांदळाची पुरचुंडी बांधून तिनं माझ्या पिशवीत ठेवली.

"पेज कर तिका. पातळ. मीठ घाल थोडा, दुसरा कायएक नको. माणूस जेवणाक तोंड फिरवता, पेजेक फिरवणा नाय."

आई म्हणते म्हणून खरं असेलच असं नाही. मला स्वयंपाकाचं प्रमाणपत्र आहे आणि मला ठाऊक आहे, आठ दिवस न जेवलेल्या माणसाचं काय होतं. इनेसचा फोन आता लागत नाहीये. दर थोड्या वेळानं लावून बघते. मंगळवार अजून तीन दिवसांवर आहे आणि मधे सगळी पृथ्वी आहे.

ल्युसिंडाबाई, मी येते. बुधवारी संध्याकाळी डोंगरापलीकडच्या तुमच्या घरी पोचेन. तुमच्याच भांड्यात पेज शिजवीन आणि तुमच्या पलंगाशी बसेन. तोंड फिरवलंत तर त्या बाजूला येऊन बसेन. पहिला घोट उतरेपर्यंत उठणार नाही, आणि नाही उतरला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा शिजवीन. यापुढे काम काम म्हणून टाळणार नाही. तुमचं देणं मी फेडीन, बाई. एकदम नाही जमणार, घोटाघोटानं फेडीन.

तोवर पाणी तरी घेत राहा.